मेलेल्यांचा माठ

“अपील न्हाय!”

एवढं म्हणून उजव्या हाताचं बोट वर केलं, की पंचांच्या मते जगातला कुठलाही वाद मिटला. बायको म्हणाली भाकरी करपली, की हे म्हणणार, “करपली तर करपली, वाढ. अपील न्हाय.” येरमाळ्याच्या फाट्यावर कंडक्टर म्हणाला गाडी भरली, की हे पायरीवर चढून त्यालाच सांगणार, “अजून एक माणूस बसतंय. अपील न्हाय.” आणि गंमत बघा, कंडक्टर मुकाट्यानं घंटी मारायचा.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. कुणी काही अधिकार दिलेला नसतो, तरी सगळे त्याचं ऐकतात. आमच्याकडं तो माणूस म्हणजे हे पंच. खरं नाव विचाराल तर त्यांच्या आईलाही क्षणभर आठवावं लागायचं, कारण तीसुद्धा लेकाला पंचच म्हणायची. उंच, वाळकुडे, खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, आणि गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी. सोलापूरच्या गिरणीत असताना हुतूतू खेळले, मग गुडघा गेला म्हणून शिट्टी धरली. म्हाताऱ्या आईची नजर गेली तेव्हा गिरणी सोडून गावाकडं आले. येताना शिट्टी तेवढी घेऊन आले.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली. हे काही संचालक नव्हते, पण सभेत मधोमध यांची खुर्ची ठेवलेली असायची. दोघं एकदम बोलायला लागले की शिट्टी! “एका टायमाला एकानंच चढाई करायची. दम सुटला की खाली बसायचं.” मग काय, जो तो छाती भरून घ्यायचा आणि एका दमात जेवढं बोलता येईल तेवढं बोलून बसायचा. आमच्या चेअरमनला दमा होता. त्यांची भाषणं फार छान, छोटी व्हायची.

त्याच सोसायटीत रेडिओ होता. हॉकीचा सामना असला की दुधाच्या किटल्या ओळीनं बाहेर आणि माणसं आत. आपल्यानं गोल केला की असा गलका व्हायचा, की बाहेर बांधलेल्या म्हशी दावं तोडायला बघायच्या. एकदा पाकिस्तानचा एक गडी काठी लागून पडला असं रेडिओवर सांगितलं आणि आमच्यातल्या दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी रेडिओच्या तोंडाजवळ जाऊन जोरात शिट्टी मारली. “कुणी वाजवली टाळी? भाईर व्हा! गडी हुबा हाय तवर दुसऱ्याचा. पडला की आपला.” टाळ्या वाजवणारे खरंच बाहेर गेले आणि उरलेला सामना त्यांनी म्हशींशेजारी उभं राहून ऐकला. आपण हरलो त्या दिवशी, पण तो पडलेला गडी उठला का, ते पंच रात्रीच्या बातम्यांपर्यंत विचारत होते.

आता पंच नाहीत. सोसायटीच्या सभेला लाउडस्पीकर आलाय आणि सगळे एकदम बोलतात.

मला सांगायचंय ते मात्र त्याच्या आधीचं, बहात्तरच्या दुष्काळातलं.

मी तेव्हा नवी नवरी. गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अख्खं गाव तिथं. कुणी खोदायचं, कुणी घमेली वाहायची, संध्याकाळी सरकारनं वाटलेली पिठाची सुकडी घेऊन घरी यायचं. माझ्या पायावर दगड पडला म्हणून मला पाणी वाढायचं काम मिळालं. पंच आमचे मुकादम. ते बौद्ध वस्तीतले, सातवी पास, म्हणून कामावरच्या ओव्हरसियर साहेबानं त्यांना मुकादम केलं होतं. त्यांच्या त्या कामावर आंधळी म्हातारी, बायको आणि लेकरं असा सगळा संसार चालायचा. दुसरं काही नव्हतंच. रान कुणाचंच पिकलं नव्हतं, त्यात वस्तीतल्यांकडं रान होतं कुठं?

दुष्काळानं मोठ्यांनाही खाली आणलं होतं. बापूसाहेबांसारख्या बागायतदाराची विहीर आटली आणि त्यांचा लेक दिगंबर टिकाव घेऊन कामावर यायला लागला. येताना खांद्यावर टॉवेल असा टाकून यायचा, जणू आपल्याच शेतावर चक्कर मारायला निघालाय. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो.

बाभळीखाली माझे दोन माठ होते. एक गावाचा, एक वस्तीचा. दोन माठ, दोन लांब दांड्याची ओगराळी. पाणी एकाच टँकरचं, भरणारी मी एकटीच, पण माठ दोन. वस्तीतलं माणूस आलं की ओगराळं उंच धरायचं आणि वरून धार सोडायची, त्यानं ओंजळीत घ्यायची. मला सासूनं असंच शिकवून पाठवलं होतं.

बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. आता बाजार करायला होतं काय कुणाकडं? पोरं बांधावर बसून एकमेकांकडं बघायची आणि ऊन चढलं की भांडायची. पंचांनी पहिल्याच महिन्यात एक उद्योग केला. ओव्हरसियर साहेबानं बांधाच्या खुणा आखायला चुन्याची फक्की ठेवली होती, त्यातली घमेलंभर उचलली आणि तलावाच्या तळाशी, कोरड्या गाळावर, हुतूतूचं मैदान आखलं. साहेबानं विचारलं, फक्की कुठं गेली? पंच म्हणाले, “वाऱ्यानं उडाली साहेब.” साहेब उभा होता तो बरोबर मधल्या रेघेवर.

“आठवडाभर दगडं फोडून जीव न्हाय निघाला व्हय? वर हुतूतू कशाला?” असं मी एकदा विचारलं.

“वैनी, आठवडाभर वाकून काम केलंय. एक दिस तरी ताठ हुबं राहून लढू द्या की पोरान्ला.”

पहिल्या दिवशी गावची पोरं एकीकडं, वस्तीची दुसरीकडं. खेळ कसला, राडाच झाला. पंचांनी खेळ थांबवला आणि सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. “शिट्टी मारली की पळायचं.” मारली शिट्टी, पळाली पोरं. “बास! ज्यानं उजवा पाय आधी टाकला त्यो इकडं, डावा टाकला त्यो तिकडं.” आता पळताना कुणी कुठला पाय टाकला, हे फक्त पंचांनी पाहिलेलं! काय पाहिलं देव जाणे, पण दोन्हीकडं गावची आणि वस्तीची पोरं बरोबर निम्मी निम्मी आली. दिगंबर कुरकुरला, “माजा उजवा व्हता.” बोट वर गेलं, विषय संपला. त्याला उभा केला वस्तीतल्या सुखदेवशेजारी. पकड करायची तर साखळी धरावी लागते. पहिला डाव दोघांनी एकमेकांच्या बाहीचं टोक धरून काढला आणि साखळी तुटली. पुढच्या डावाला मुकाट मनगट धरलं.

मग संघांच्या नावाचा घोळ. लढाई नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळं दोन्हीकडच्यांना भारतच व्हायचं होतं. पाकिस्तान व्हायला कोण तयार होणार? पंच म्हणाले, विलायत व्हा. “गोऱ्यान्ला हाकलायला आमचा आजा गेलता,” असं म्हणून एक जण पेटूनच उठला. शेवटी पंचांनी निकाल दिला, दोन्ही भारत. टेकडीकडचा भारत आणि ओढ्याकडचा भारत. मग दर आठवड्याला भारत जिंकायचा, भारत हरायचा, आणि दोन्ही बाजू मिळून असा जयजयकार करायच्या, की वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, इथं काहीतरी फार मोठं घडलंय.

मैदानात सगळं एक झालं, तरी तहान लागली की पोरं आपापल्या माठाकडं पळायची. पंचांनी ते दोन-तीन आठवडे बघितलं. एका दुपारी, डाव निम्मा झाल्यावर, ते बाभळीखाली येऊन उभे राहिले.

“नवा नियम. जिता गडी ह्या माठावर,” गावाच्या माठाकडं बोट केलं, “आन् मेलेला त्या माठावर. अपील न्हाय.”

माझ्या हातातलं ओगराळं तसंच राहिलं. हुतूतूत बाद झालेला तो मेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या वेळी सुखदेव जिवंत होता आणि दिगंबर, नको तितकी छाती काढून चढाईला गेल्यामुळं, मेलेला होता. सुखदेव गावाच्या माठापाशी आला खरा, पण माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत उभा राहिला. दिगंबर वस्तीच्या माठासमोर. ऊन असं, की जिभेला भेगा पडाव्यात. त्यानं एकदा गावाच्या दिशेला बघितलं, मग ओंजळ पुढं केली. मी वाढलं. दोघांनाही वाढलं. दिगंबरनं तोंड पुसलं आणि म्हणाला, “गार हाय की ह्ये!” दोन्ही माठ एकाच कुंभाराचे, एकाच सावलीत. गार असायला काय झालं होतं?

पुढं पुढं तर काही पोरं मुद्दाम मरायची आणि लवकर पाणी प्यायची. कुठला माठ कुणाचा, हे विचारायचंच राहून गेलं. मीही ओगराळं उंच धरायचं सोडलं. हात भरून येतो, असं सासूला सांगितलं.

पण गोष्ट बापूसाहेबांच्या कानावर गेली. कळल्याबरोबर मी पंचांना गाठलं. “दादा, बापूसाहेब बाजाराच्या दिवशी येणारेत म्हणं. साहेब त्यांच्या शब्दाबाहेर न्हाय. तुमचं नाव कटलं तर म्हातारीनं आन् लेकरांनी काय खावं?”

पंचांनी शिट्टी हातात घेतली. त्यांना कळत नव्हतं असं नाही. शिट्टी बंडीला पुसत म्हणाले, “बापूसाहेब जवानीत येक नंबर गडी व्हते, वैनी. खेळाचं येड असलेला माणूस रागात लई येळ टिकत न्हाय.”

“आन् टिकला तर?”

“तर मग म्या मेलो,” ते म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

बापूसाहेब आले. मोठा फेटा, हातात काठी, मागं दोन माणसं. एका दगडावर ताठ बसले. पंचांनी त्यांना रामराम घातला आणि खेळ सुरू केला. पहिली चढाई झाली, बापूसाहेब गप्प. दुसरीला काठी जमिनीवर आपटली. तिसरीला दगडावरून उठले. थोड्या वेळानं बघते तर रेघेच्या कडेकडेनं पळतायत आणि ओरडतायत, “अरं कोपरा धर! कोपरा सोडू नगंस, माकडा!” कुणाला म्हणतायत ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग दिगंबर चढाईला गेला. दोघांना मारलं, परत फिरला, आणि मधल्या रेघेच्या वीतभर अलीकडं, त्या दिवशी समोरच्या संघात असलेल्या सुखदेवनं त्याचा घोटा धरला. दिगंबर जमिनीवर पालथा, हात लांबवतोय, दम सुटायला आलाय. बापूसाहेबांना राहवलं नाही. “हात फेक! हात फेक रं!” करत ते धोतर सावरत थेट मैदानात.

शिट्टी वाजली.

“भाईरचा माणूस रेघ वलांडून आत आला. बापूसाहेब, तुमी मेलात.”

 बापूसाहेबांच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं.

“कोण मेलं?”

“तुमी.”

“माजा पाय रेघंवर व्हता! वलांडली न्हाय म्या!”

बोट वर गेलं. मी देवाचं नाव घेतलं. बापूसाहेब त्या बोटाकडं बघत राहिले, मग फणकाऱ्यानं वळले आणि सरळ बाभळीखाली आले. ओरडून ओरडून घसा बसला होता, मिशीला धूळ.

“पाणी दे.”

मी ओगराळं मागं घेतलं.

“काय झालं?”

“बापूसाहेब, मेलेल्यांचा माठ त्यो हाय,” मी वस्तीच्या माठाकडं हात केला. 

त्यांनी माठाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यासाठीच तर आले होते. “मग बघतीस काय? वाढ,” म्हणाले आणि ओंजळ पुढं केली. तीनदा मागून प्यायले. जाताना माठाबद्दल अवाक्षर नाही. काठी आपटत एवढंच पुटपुटत होते, “रेघंवर व्हता पाय. सगळ्यांनी बघितलाय.”

आम्हाला वाटलं, संकट टळलं. कुठलं टळतंय! दोन दिवसांनी ओव्हरसियर साहेब जीपमधून आला आणि पंचांना म्हणाला, “तुझी बदली. मुरूमकडच्या कामावर. मुकादम नाही, खडी फोडायला.” पंचांनी कारण विचारलं. “वरून तक्रार आहे,” साहेब म्हणाला आणि बापूसाहेबांच्या घराकडं नजर टाकली.

मुरूम म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आंधळ्या म्हातारीला तिथं न्यायचं कसं आणि इथं ठेवायचं कुणापाशी? पंच घरी गेले. म्हातारीच्या पाया पडून आले, पिशवी खांद्याला लावली. पोरं भोवती जमली तर म्हणाले, “रेघ फक्कीनं मारा रं. राखंनं मारली तर उडून जाती.” आणि येरमाळ्याच्या एसटीसाठी चालू लागले. त्यांची पाठ दिसत होती तोवर आम्ही उभे होतो. मला तर रडूच कोसळलं.

तेवढ्यात दिगंबरनं टिकाव टाकला, बाद झालेले गडी बसतात तिथं जाऊन मांडी घालून बसला आणि म्हणाला, “म्या मेलो.”

सुखदेव त्याच्या शेजारी जाऊन बसला. “म्या पण.”

मग बघता बघता सगळे. टेकडीकडचा भारत, ओढ्याकडचा भारत, घमेलीवाल्या बायका, आमचे हे. मी ओगराळी माठावर पालथी घातली आणि जाऊन बसले. साहेब तांबडालाल झाला. “उठा! काम सुरू करा!”

“मेलेला माणूस काम करत न्हाय, साहेब,” दिगंबर अगदी नम्रपणानं म्हणाला.

“मग जिवंत कधी होणार?”

“पंच आल्यावर. दुसऱ्या कुणाला त्यो हक न्हाय.”

साहेबानं बापूसाहेबांना बोलावणं धाडलं. लेकाला कान धरून उठवतील, म्हणजे बाकीचे आपोआप उठतील, असा त्याचा हिशेब. बापूसाहेब तरातरा आले. साहेब हात जोडून म्हणाला, “बघा बापूसाहेब! तुमच्या तक्रारीवरून त्या मुकादमाला हलवला, तर ही तऱ्हा.”

“माजी तक्रार?”

“तुम्हीच म्हणालात ना परवा, त्या मुकादमाचं चुकलंय, त्याला समज द्या.”

बापूसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अरं खुळ्या! म्या रेघंचं म्हणत व्हतो! पाय रेघंवर असताना त्यानं मला मारला, येवढंच त्याचं चुकलं. तू त्याच्या पोटावर पाय दिलास व्हय?” साहेबाची बोबडी वळली. “जा, आदी जीप घेऊन जा आन् त्याला आण!” असं म्हणून बापूसाहेब दिगंबरकडं गेले. आता बसतेय थोबाडीत, असं मला वाटलं. त्यांनी काठी खाली ठेवली आणि ओळीच्या शेवटी धोतर आवरून बसले.

“बापूसाहेब, तुम्ही कशाला...” साहेब चाचरला.

“म्या बाजाराच्या दिसापास्नं मेलेलाच हाय. मला कुणी जितं केलंय का?”

जीप धुरळा उडवत गेली आणि पंचांना पुढच्या सीटवर बसवून घेऊन आली. एसटी अजून यायची होती, नशीब! पंच खाली उतरले. ओळ बघितली. ओठ गच्च मिटलेले, डोळ्यांत पाणी. पण पडले ना पंच! शिट्टी काढली, म्हणाले, “साहेब, नियमानं ह्येन्ला जितं करायचं, तर समोरचा गडी हाताला लागावा लागतो. हितं तर सगळेच मेलेत. जिता तेवढा तुमी येकला.”

“म्हणजे?”

“बूट काढा. दम धरा. ह्या वळीपुढनं पळायचं. बसल्या जागी ज्याचा हात लागंल त्यो जिता.”

काम सुरू व्हायला हवं होतं, साहेब तरी काय करणार? पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि “हुतूतू हुतूतू” करत सुटला. आम्ही हात लावत गेलो आणि उठत गेलो. बायकांनी तर धपाटेच घातले. बिचारा धापा टाकत शेवटापर्यंत आला आणि नेमका बापूसाहेबांच्या अलीकडं त्याचा दम सुटला. बसलाच खाली.

सगळे उभे. धुळीत बसलेले एकटे बापूसाहेब. पंच त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आता कुणी हसत नव्हतं.

“बापूसाहेब, तुमी भाईरचे. कुठल्या बाजूचे त्ये सांगितल्याबिगर मला तुमाला जितं करता येत न्हाय.”

बापूसाहेबांनी दोन्हीकडच्या पोरांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फेटा उतरवला आणि माझ्या हातात दिला. फेट्याखालचं त्यांचं पिकलेलं डोकं गावानं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

“ज्यान्ला गडी कमी पडत्याल, त्यांच्याकडचा,” ते म्हणाले आणि हात वर केला.

पंचांनी तो हात धरला. एक गुडघा पंचांचा गेलेला, दोन बापूसाहेबांचे. दोघं कण्हत कुंथत, एकमेकांना ओढत उठले, आणि उठल्यावरही कुणीच हात सोडेना.